रायफलीची कापलेली दीड वीत

पंचवीस वर्षं मी बडा बाजारातून सरळ चालत गेलो नाही. मसाल्याच्या दुकानांपर्यंत जायचो आणि भांडेवाल्यांच्या आधी डावीकडच्या बोळात शिरायचो. नालीचा वास सोसत, गाईंना चुकवत मागच्या अंगानं बाहेर पडायचो. बायकोला सांगायचो, पुढे गर्दी फार असते. ती म्हणायची, "आणि बोळात काय कमी आहे?" मी गप्प बसायचो. गप्प बसणं मला जमतं. घरात माझी ख्यातीच ती आहे.

भांडेवाल्यांच्या पुढे, तीन पायऱ्या चढून, एका बंदूकसाजाचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं, दुकान होतं. सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणायचं. त्या तीन पायऱ्या मला टाळायच्या होत्या.

झाशीतली आम्ही मराठी घरं मूठभर. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कुणी फौजेबरोबर आलं, कुणी पोथ्या घेऊन, कुणी दप्तर सांभाळायला. आता कुणी मास्तर, कुणी कारकून, पुष्कळसे रेल्वेत. पण दर घरात माळ्यावर काहीतरी निघतंच. कुठे कट्यार, कुठे तलवार, कुठे नुसतं भाल्याचं पातं. खंडेनवमीला ही शस्त्रं लक्ष्मी तालाच्या काठी, महालक्ष्मीच्या देवळाच्या ओसरीत पाटांवर मांडायची आणि सगळ्यांनी मिळून पूजा करायची, अशी आमच्याकडची रीत. आणि त्याआधी आठवडाभर ती सगळी उस्तादांकडे जायची, हीही रीतच. ते काय करायचे? तेलाचा हात आणि मांजरपाटाचा फडका, बस. एखादी नवी सून म्हणायची, जरा चमकवून द्या की. त्यावर ते म्हणत, "बहूजी, यह ज़ंग नहीं है, इसकी चमड़ी है। चमड़ी उतार दूँ?"

आमच्या घरची वस्तू म्हणजे काकांची रायफल. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, मला काका-काकूंनीच वाढवलं. काका रेल्वेत गार्ड. त्यांच्या आजोबांनी एका संस्थानाच्या पलटणीत ती रायफल खांद्यावर वाहिली होती, आणि निवृत्तीच्या दिवशी दरबारानं ती त्यांनाच देऊन टाकली होती. एका वेळी एक गोळी घेणारी, खालचा खटका ओढला की उघडणारी, जड. नळीखाली जवळजवळ तोंडापर्यंत अक्रोडाचं लाकूड, टोकाला लोखंडी पट्टा, अंगावर ठोकलेले शिक्के आणि क्रमांक. रंग म्हणाल तर जुन्या तव्यासारखा. परवाना काकांच्या नावावर होता, पण मी कधी ती उडालेली ऐकली नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, रेल्वेच्या इंजिनांच्या कारखान्यात नुकताच पक्का झालेला फिटर. काका-काकू पासावर काशीला निघाले. टांग्यात चढता चढता काका म्हणाले, "नवरात्राच्या आत रायफल उस्तादाकडे पोचव. विसरू नकोस."

मी विसरलो नाही. मला त्यापेक्षा मोठं काहीतरी करून दाखवायचं होतं.

कारखान्यात आम्हाला एकच धर्म शिकवलेला: जे आलं ते उघडा, घासा, कापायचं ते कापा, बसवा, रंगवा, चमकवा. काळंठिक्कर इंजिन आत यायचं आणि महिन्याभरानं नवरीसारखं बाहेर पडायचं. पितळेत तोंड दिसायचं. साहेब भोवती फिरून हात फिरवायचा आणि त्याच्या पांढऱ्या रुमालावर डाग पडला नाही की आमची छाती फुगायची. जुनं ते मळकं आणि चमकतं ते मोलाचं, याच्यात शंका घेण्यासारखं काही आहे असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. आणि त्याच सुमारास मी एका साहेबाची शिकारीची बंदूक पाहिली होती. आखूड लाकूड, सडपातळ नळी, कशी हरणासारखी. काकांची रायफल त्या मानानं मला मालगाडीच्या इंजिनासारखी वाटायची. त्यात पुढच्या लाकडाला केसाएवढी चीरही होती. म्हटलं, हिचं ओव्हरहॉल करू.

अंगणात पाट उलटा टाकून मी लाकूड नळीपासून सोडवलं आणि पुढचं दीड वीत आरीनं कापून टाकलं. कापलेलं टोक कानशीनं गोल केलं. नळी पोत्यात गुंडाळून, सायकलच्या दांडीला बांधून कारखान्यात नेली आणि जेवणाच्या सुट्टीत पॉलिशच्या चाकावर धरली. तव्याचा रंग गेला. चांदी निघाली! शिक्के पुसट झाले, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, खडबडीतपणा गेला. उरलेल्या लाकडाला रेल्वेच्या डब्यांना लावतात ते व्हार्निश दोन हात दिलं.

काका परत आले. रायफल पाटावर होती. ते पाटाशी वाकले. मग त्यांनी नळीवर बोट फिरवलं, जिथे आजोबांच्या पलटणीचा शिक्का होता तिथे.

"उस्तादानं केलं हे?"

मी म्हणालो, "हं."

का म्हणालो? त्यांचा चेहरा पाहून म्हणालो. कौतुक ऐकायला उभा होतो आणि समोर ते तोंड आलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मीही कदाचित विसरलो असतो. पण दिवाळीनंतर छावणीतले एक कर्नलसाहेब आले. त्यांना जुन्या फौजी रायफली जमवायचा नाद होता, आणि छावणीत एक मोठी खोली त्यांनी त्यासाठी मिळवली होती. काकांच्या रायफलीचं त्यांनी ऐकलं होतं. ती त्या खोलीत लावायची, खाली काकांच्या आजोबांचं नाव घालायचं, असं पत्रानं ठरलंही होतं. काकांनी त्या दिवशी गार्डाचा कोट इस्त्री करून घातला होता.

कर्नलसाहेबांनी रायफल हातात घेतली आणि लगेच पाटावर ठेवली.

"यह क्या हो गया, गार्ड साहब? यह अब फ़ौजी बंदूक नहीं रही। शिकारी भी नहीं बनी।"

काका म्हणाले, "साफ़ करवाई थी।"

"साफ़ नहीं, छील दी है।" मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी दाराआड उभा राहून ऐकलं. जमवणारा माणूस चकाकी विकत घेत नाही. गोदामातून जशी निघाली, शिपायानं जशी वापरली, तशी त्याला हवी असते. लांबी तीच, रंग तोच, लाकडावरचा आणि लोखंडावरचा क्रमांक एकच. लाकूड कापलं की अर्धं मोल गेलं, शिक्के घासले की उरलेल्यातलंही बहुतेक गेलं. अशी अस्सल रायफल हजारांत विकली जाते. ही आता लोखंडाच्या भावात. "पहचान ही मिट गई। आपके दादाजी की कहकर इसे कैसे लगाऊँ?"

नाव लागलं नाही. काकांनी कोट काढून खुंटीला अडकवला. दुसऱ्या दिवशी ते रायफल घेऊन बडा बाजारात गेले, तीन पायऱ्या चढले, आणि भर दुकानात उस्तादांना बोलले. उस्ताद म्हणाले, "मैंने इसे हाथ नहीं लगाया, गार्ड साहब। इस साल तो यह मेरे पास आई ही नहीं।" काका म्हणाले, माझा पोरगा खोटं बोलत नाही.

मराठी घरं मूठभर. संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत बातमी सगळीकडे पोचली. पुढच्या नवरात्रात उस्तादांकडे एकही कट्यार गेली नाही. मग ठाकुरांच्या बंदुका थांबल्या, मग इतरांच्या. दोन-तीन वर्षांनी त्यांच्या पाटीवर बंदुकीच्या चित्रावर कागद चिकटला आणि दारात दुरुस्तीला आलेले स्टोव्ह आणि कुलपं दिसू लागली. हे मी बोळाच्या तोंडातून एकदाच पाहिलं. त्यानंतर बोळ हाच माझा रस्ता.

आता त्या दीड वितीचं सांगतो. ती मला फेकवली नव्हती. हत्यारांच्या पेटीत होती, तिथून काकूनं उचलली. "काय रे हे?" "लाकूड." नळी बसायची ती खोबण वर, टोकाला लोखंडी पट्टा, आणि पट्ट्यात नळी साफ करायच्या सळईसाठी भोक. काकूनं त्या भोकात उदबत्ती खोचून पाहिली. राख बरोबर खोबणीत पडली. तिला इतकं आवडलं! देवघरात ठेवून दिली. काकू गेल्यावर माझी बायको त्यातच उदबत्ती लावू लागली. दर खंडेनवमीला देवळातून परत आल्यावर काका रायफल देवासमोर टेकवायचे, आणि तिचाच तोडलेला तुकडा तिच्यापासून हातभर अंतरावर जळत असायचा. मी हात जोडून उभा. देवाकडे बघायचो नाही, तुकड्याकडेही नाही.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी माझी मुलगी देवघर साफ करायला बसली. ती कॉलेजात आहे. मराठी सगळं समजतं, बोलायची वेळ आली की हिंदीत घसरते. काका पलीकडेच खाटेवर. चौऱ्याऐंशीचे, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, कान मात्र शाबूत. मी पेपर वाचत होतो.

"बाबा," ती म्हणाली, "इस अगरबत्ती वाले पे नंबर है."

मी पेपर खाली केला नाही.

"राख आणि तुपाचा थर होता ना, तो निघाला. आत ठोकलंय." ती उठली, रायफल घेऊन आली, उताणी धरून खटक्याजवळचा क्रमांक पाहिला. "सेम नंबर! बाबा, ये तो बंदूक का टुकड़ा है. किसने काटा?"

काकांनी मान वळवली नव्हती, पण ते ऐकत होते, हे मला त्यांच्या हाताच्या बोटांवरून कळत होतं. आणखी एकदा "माहीत नाही" म्हणणं सोपं होतं. पण ती पोर दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बसली होती, आणि ते इतके बरोबर जुळत होते की मला लाजच वाटली.

"मी," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. चोवीस वर्षांच्या वयापासूनचं. किती वेळ बोललो कोण जाणे. बायको स्वयंपाकघरातून हातात पळी घेऊन येऊन उभी राहिली होती.

काका खाटेवर उठून बसले. "त्यात मी रोज उदबत्ती लावलेली पाहिली," ते म्हणाले. "आजोबांच्या रायफलीत!" आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, मुलीनं पाणी दिलं. मी पायावर वाकणार तर त्यांनी पाय मागे घेतले. हसू गेलेलं होतं.

"मला कशाला सांगतोस? माझी रायफल गेली. त्याचं तर नाव गेलं. आहे का तो अजून?"

"आहेत."

"मग जोडे घाल. मलाही घाल."

त्या दिवशी मी बडा बाजारातून सरळ गेलो. रिक्षात काका, काकांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली रायफल, माझ्या हातात उदबत्तीचा तुकडा. पायऱ्या काकांना चढवेनात. तेव्हा उस्तादच खाली आले. पांढरी दाढी, जाड चष्मा, हाताला रॉकेलचा वास. मी तिथेच, रस्त्यात, भांडेवाल्यांच्या खणखणाटात सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तुकडा घेतला, कापलेली बाजू उजेडात धरली.

"पच्चीस बरस से जानता हूँ कि यह रेलवे का हाथ है," ते म्हणाले. "आरी सीधी, अक़्ल टेढ़ी।"

काका म्हणाले, "उस्ताद, मैंने भरी दुकान में आपको..."

"आपने अपने लड़के पर भरोसा किया, गार्ड साहब। मैं भी करता।" मग माझ्याकडे वळले. "और तू? पच्चीस बरस गली से निकलता रहा। मैं रोज़ देखता था, अब सामने से आएगा, अब आएगा। बदबू नहीं आती थी वहाँ?"

"आती थी।"

"अच्छा है। आनी चाहिए थी।"

मी विचारलं, जोडता येईल का. त्यांनी खोबणीतला क्रमांक अंगठ्यानं पुसला, पट्ट्यावरचं कुंकू नखानं काढलं, लाकूड नाकाशी नेलं. "तेल, घी, धुआँ. तूने तो काटा, पर तेरे घर की औरतों ने इसे सूखने नहीं दिया।" मग म्हणाले, "जोड़ूँगा। पर एक बात है। जहाँ मेरा नाम गया था, वहीं जाकर बोलेगा। यहाँ सड़क पर नहीं। अपने लोगों में।"

नऊ दिवस ती रायफल त्यांच्याकडे होती. आरीनं जेवढं लाकूड खाल्लं होतं तेवढ्या जाडीची अक्रोडाची चकती त्यांनी मधे बसवली. माझं व्हार्निश उतरवलं. मी म्हटलं, सांधा दिसतोय, जरा रंग देऊन झाकू? त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की मी हात मागे बांधले. नळीला त्यांनी काहीच केलं नाही. "जो घिस गया, वह घिस गया। उस पर नया रंग चढ़ाऊँगा तो तेरे जैसा हो जाऊँगा।" नुसता तेलाचा हात दिला. मात्र भिंगाखाली धरून त्यांनी मला दाखवलं: पलटणीच्या शिक्क्याची अर्धी कडा अजून होती. माझ्या चाकानं ती खाल्ली नव्हती.

खंडेनवमीला महालक्ष्मीच्या ओसरीत पाट मांडले होते. झेंडूचे ढीग, आणि घराघरांतल्या कट्यारी, तलवारी. पंचवीस वर्षांत कुणी घरीच लिंबानं घासलेल्या, कुणी खोबरेल फासलेल्या, बऱ्याचशा गंजलेल्या. काकांनी कर्नलसाहेबांनाही निरोप धाडला होता. ते काठी टेकत आले. उस्ताद ओसरीखाली उभे होते; मी जाऊन त्यांना वर आणलं.

आरती झाली आणि मी उभा राहिलो. माझ्या लग्नातसुद्धा मी चार शब्द बोललो नव्हतो. सगळे बघायला लागले. मी हिंदीत बोललो, कारण उस्तादांना प्रत्येक शब्द कळायला हवा होता. म्हणालो, ही रायफल मी कापली, मी घासली, आणि दोष यांच्यावर टाकला. यांनी तिला हात लावला नव्हता. हात लावला तो आत्ता, पंचवीस वर्षांनी, आणि काय केलंय ते बघा.

मग कोपऱ्यातून एक म्हातारी कडाडली, आमच्या आळीतल्या मास्तरांची आई. "मेल्या! तुझ्यापायी माझ्या सासऱ्यांची कट्यार पंचवीस वर्षं मी चिंचेनं घासली! घासून घासून तिची सुरी झाली!"

ओसरी हसली. उस्तादांना हिंदीत सांगावं लागलं, तेव्हा ते म्हणाले, "माताजी, इमली से तो भगवान बचाए। भेज दीजिए, देखता हूँ कितनी बची है।"

कर्नलसाहेबांनी रायफल उचलली. या वेळी पाटावर लगेच ठेवली नाही. लांबी डोळ्यांनी मोजली, लाकडावरचा क्रमांक लोखंडाशी ताडला, सांध्यावर नख फिरवलं, शिक्क्याची अर्धी कडा पाहिली.

"पूरी क़ीमत तो अब कभी नहीं आएगी," ते म्हणाले. "घिसी हुई मुहर वापस नहीं आती। पर यह फिर से फ़ौजी बंदूक है, अपनी लकड़ी के साथ। और जोड़ छुपाया नहीं गया। ऐसी मरम्मत के साथ मैं इसे शान से लगाऊँगा।" मग मोठ्यानं विचारलं, "यह काम किसने किया?"

मी उत्तर द्यायच्या आत काकाच ओरडले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या छातीतून एवढा आवाज निघतो, हे मला माहीत नव्हतं. फलाटावर गाडी सोडताना ओरडायचे तसे ओरडले. "उस्तादजी ने! बड़ा बाज़ार वाले उस्तादजी ने!"

त्याच ओसरीत, त्याच दुपारी, उस्तादांच्या पायाशी नऊ कट्यारी, चार तलवारी आणि एक भाल्याचं पातं जमा झालं. ते सगळं दुकानात न्यायला टांगा करावा लागला. टांग्यावर चढताना त्यांनी मला हाक मारली. "रेलवे! पीछे-पीछे आ, सामान उतारना है।" मी टांग्यामागून सायकल हाणत गेलो. बडा बाजारातून, सरळ. पाटीवरचा कागद मीच नखांनी खरवडून काढला. खालची बंदूक फिकी झाली होती, पण होती.

रायफलीखाली लावायची पितळी पट्टी मी कारखान्यात केली. काकांच्या आजोबांचं नाव कोरलं, त्याखाली 'जोडणारे' म्हणून उस्तादांचं. दाखवायला नेली तर उस्ताद म्हणाले, "और तेरा?"

"मेरा क्या?"

"काटा तो तूने। वह भी तो इसकी कहानी है। जो लेगा, उसे पता होना चाहिए कि कहाँ किसका हाथ लगा। कर्नल साहब से पूछ ले।"

विचारलं. कर्नलसाहेब आधी हसले, मग गंभीरपणे म्हणाले, खरी नोंद असली तर वस्तूचं मोल वाढतंच, घटत नाही. तेव्हा तिसरी ओळ मी कोरली. 'कापणारा' म्हणून माझं नाव. इतकं स्वच्छ अक्षर माझ्या हातून आधी कधी पडलं नव्हतं.

काका पट्टी बघायला छावणीत आले, तोच जुना कोट घालून. तिघांची नावं त्यांनी बोटानं वाचली. मी खिशातून रुमाल काढून पट्टीवर पडलेला बोटांचा डाग पुसायला पुढे झालो, सवयीनं, तेवढ्यात मुलीनं माझं मनगट धरलं.

"बाबा," ती म्हणाली, चक्क मराठीत, "घासू नका."